आरवलीचा वेतोबा

वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा उभा आहे. राखणदाराला बसून कसे चालेल? सुमारे नऊ फूट उंचीची ही पंचधातूची मूर्ती १९९६ साली बसवली गेली. त्याआधी देव फणसाच्या लाकडाचा असे. लाकूड जीर्ण झाले की मूर्ती नव्याने घडवायची, आणि ज्याचा देव होतो ते फणसाचे लाकूड गावाने घरकामाला वापरायचे नाही, असा रिवाज.

देव धातूत ओतायची विद्या दख्खनला जुनीच. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त ती नोंदवून ठेवली: आधी मेणाची प्रतिमा, तिच्यावर मातीचे लेप, भट्टीत मेण वाहून गेले की त्या पोकळीत धातूचा रस. चांदी मेणाच्या बारापट आणि सोने सोळापट घ्यावे, इतका काटेकोर हिशेब त्यात आहे.

वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा अधिपती, शिवाचा गण. कालिकापुराण त्याला आणि भैरवाला तारावती राणीच्या पोटी जन्मलेले शिवपुत्र मानते. कोकणाने ही वंशावळ फारशी मनावर न घेता त्याला वेशीवर उभे केले. उजव्या हातातले खड्ग बाहेरून येणाऱ्या पीडेसाठी, डाव्या हातातले अग्निपात्र काळोखासाठी. भुतांचा धनीच पहाऱ्याला असल्यावर भुतांची काय बिशाद! गोव्यात लोलयेचा दगडी बेताळ विवस्त्र आणि उग्र आहे. गोव्यातल्या अशा काही मूर्तींच्या पोटावर विंचूही कोरलेला दिसतो. धोतर नेसलेला, भरघोस मिशांचा आरवलीचा वेतोबा त्या मानाने गावातला वडीलधारा वाटतो.

नटराजाच्या कांस्यमूर्तीत नृत्य धातूतच गोठवलेले असते. वेतोबाची चाल मात्र मूर्तीत शोधून सापडत नाही. ती त्याच्या पायताणांत आहे. रात्री तो गावाची फेरी मारतो, म्हणून नवस फेडताना भाविक त्याला चामड्याच्या चपला वाहतात. कुणा माणसाच्या पायात सैल पडतील अशा या जाड तळव्यांच्या, भल्यामोठ्या चपला देवळात रचलेल्या दिसतात. त्यांतल्या काही तळाशी झिजतात आणि देव फिरून आल्याची ती खूण समजली जाते. नवसाला केळ्यांचे घडही येतात. मूर्ती लाकडाची होती तेव्हाही हेच चाले. धातूची झाल्यावर जीर्ण देव बदलण्याचे काम संपले, चपलांचे नाही.