चौकटीतली माउली



सप्ताहाची स्मरणिका निघायची असली की मंडळी मंदिराचा फोटो भल्या पहाटे काढून घेतात. का, तर मध्ये कोणी माणूस येऊ नये! आता तर आलेला माणूस मोबाइलवर बोटाने पुसताही येतो म्हणे. मला हे पटत नाही.

मुरबाडच्या बाजूने वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढलेल्यांनी वरचा दगडी रांजण पाहिला असेल. नुसत्या रांजणाचा फोटो पाहिला तर तो घरातल्या माठाएवढाही वाटेल. शेजारी एखादा वाटसरू उभा असला की तो केवढा ते कळते. इंग्रजी अमदानीत लेण्या-देवळांचे फोटो घेताना असाच कुणी खांबापाशी बसवीत. खाली खांबाची माहिती छापीत, माणसाची नाही. बिचारा मोजपट्टी झाला.

नाणेघाटाच्या गुहेत याच्या उलट. सातवाहन राजकुळातल्या मूर्तींची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. मूर्ती भंगल्या, उरली ती पावले. फोटोतल्या माणसाला चेहरा आहे, नाव नाही. नाव नाही याचे मला फार वाटत नाही. वारीत तरी आपण नाव विचारतो कुठे? ज्याला त्याला माउली म्हणतो आणि पाया पडतो. सप्ताहाच्या पत्रिकेतही गायनाचार्य, मृदंगाचार्य नावानिशी आणि शेवटी 'समस्त टाळकरी मंडळी'. पण टाळकरी वगळून कीर्तन उभे राहील का?

आता शहापूरकडे या. तानसा, भातसा या जलाशयांचे फोटो किती देखणे असतात! हे पाणी मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. हंडा घेतलेली बाई चौकटीबाहेर ठेवली तर फोटो सुंदर येईल, खरा येणार नाही. ती आत असली की पाहणारा थबकतो: एवढ्या पाण्याच्या काठी राहणारी ही बाई पाणी शोधायला निघाली कुठे?

मात्र ती काही देखावा नव्हे. 'माउली, फोटो काढू का?' एवढे विचारायला काय लागते? नको म्हणाली तर कॅमेरा खाली ठेवावा. हो म्हणाली तर हंडा उतरवील, पदर सावरील, ताठ उभी राहील. फोटोवाले म्हणतात, मग सहजपणा जातो. जाऊ द्या. तिला जशी दिसायचे आहे तशी ती दिसेल. आणि स्मरणिका छापून झाली की एक प्रत त्या पाड्यावर पोहोचती करा, एस.टी. जात नसली तरी आपल्या टाळकऱ्यांपैकी कुणी ना कुणी त्या वाटेने जातच असतो.