रोज एक ओळ



निबंधाचा तास सुरू झाला की वर्गातून एक वाक्य हमखास येतं, "बाई, काय लिहू? सुचतच नाही." तुमच्या घरीही ते ऐकू येत असेल. मग आपण फळ्यावर मुद्दे देतो आणि तीस वह्यांमध्ये 'माझी आई' एकसारखीच प्रेमळ आणि कष्टाळू होऊन उतरते. पण सुचतं ते कुठून? याचं एक उत्तर मला गेल्या जानेवारीत मैत्रिणीच्या घरी मिळालं.

डी.एड.ची ही माझी मैत्रीण पाचगणी आणि महाबळेश्वरच्या दरम्यान राहते. जवळच भिलार आहे. 4 मे 2017 पासून 'पुस्तकांचं गाव' म्हणून ओळखलं जाणारं हे गाव तुम्ही एकदा मुलांना नक्की दाखवा. राज्य मराठी विकास संस्थेच्या या उपक्रमात तिथल्या घराघरांत पुस्तकं ठेवली आहेत. एका घरी कविता, दुसऱ्या घरी बालसाहित्य. कुणीही जावं, बसावं, वाचावं.

दिवसभर तिथे वाचून संध्याकाळी घरी आलो, तर मैत्रिणीची तिसरीतली लेक आजोबांजवळ वही घेऊन बसलेली. आजोबांना सगळे अण्णा म्हणतात. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण स्ट्रॉबेरीच्या शेताची रोजची नोंद ते वर्षानुवर्षं ठेवत आले आहेत. आता दिसायला कमी आलंय, म्हणून ते सांगतात आणि नात लिहिते.

मी वही चाळली. 'आज दव जास्त. फळ ओलं. तोडणी उशिरा.' 'भाव पडला.' मधेच एक ओळ होती, 'नात तापाने झोपून. शेतात लक्ष नाही.' आणि अलीकडच्या एका पानावर, नातीच्या अक्षरात, कुणी न सांगता लिहिलेलं, 'आज अण्णा गप्प होते.'

मैत्रीण म्हणाली, "अगं, शाळेत निबंध लिही म्हटलं की हिच्या पोटात दुखतं. पण ही वही एक दिवस चुकत नाही."

मला उत्तर तिथेच सापडलं. त्या वहीत विषय शोधावा लागत नव्हता. दिवसभरात जे पाहिलं ते लिहायचं आणि ते वाचायला घरात कुणीतरी वाट पाहत असायचं.

परत आल्यावर माझ्या तिसरीच्या वर्गात 'रोज एक ओळ' सुरू केली. त्या वर्षी वर्गात ऊसतोडीसाठी बीडकडून आलेल्या कुटुंबातला एक मुलगा होता. फारसा बोलायचा नाही. निबंधाची वही कोरी. चौथ्या दिवशी त्याने लिहिलं, 'आज बैल बसला. उठला नाही.' मी खाली विचारलं, 'मग काय केलं?' दुसऱ्या दिवशी उत्तर होतं, 'पप्पांनी पाठीवर हात ठेवला. मग उठला.'

मार्चमध्ये गाळप संपत आलं आणि त्याचं निघायचं ठरलं. जाताना त्याने एकच विचारलं, "बाई, ही वही नेऊ का?" निम्मी पानं अजून कोरी होती. मी म्हटलं, "ने, आणि गावाकडच्या शाळेत बाईंना दाखव." त्याने ती शर्टाच्या आत खोचली. आता ती वही तिकडे कुणी उघडून बघतं की नाही, हा विचार माझ्या मनातून जात नाही. सीझन संपल्यावर परतलेलं असं मूल तुमच्या वर्गात असेल, तर त्याच्या दप्तरात एकदा डोकावून बघा.

हा उपक्रम तुम्हाला करायचा असेल तर एवढंच लक्षात ठेवा :

1. साधी पातळ वही घ्या. रोज एक ओळ पुरे.
2. विषय देऊ नका. "आज काय पाहिलंस?" एवढंच विचारा.
3. त्या वहीत लाल पेन चालवू नका. शुद्धलेखनासाठी वेगळा तास आहेच.
4. ओळीखाली एक खराखुरा प्रश्न लिहा. दुसऱ्या दिवशीची ओळ बहुतेक वेळा त्यातूनच येते.
5. पालकांनो, रात्री जेवताना ती ओळ मोठ्याने वाचायला सांगा आणि ऐका. दुरुस्त करू नका.

पंधरा दिवस करून पाहा. तुमच्या मुलाची एखादी ओळ मलाही वाचायला आवडेल.