खरा संकेत मावळला पाहिजे

अर्धसंवाहकातून वाहणाऱ्या प्रवाहात इलेक्ट्रॉनांचे परिवलन, ज्याला आम्ही प्रयोगशाळेत नुसते स्पिन म्हणतो, कोणत्या दिशेस अधिक झुकले आहे हे ताडण्याच्या विद्येत माझी उमेदीची वर्षे मुंबईस गेली. आणि आता दुबईच्या खाडीकाठी, देरा भागात, सोनेबाजारापासून हाकेच्या अंतरावर बिऱ्हाड थाटल्यावरही, दुकानांच्या काचांआडच्या त्या झगमगाटाकडे पाहताना मनात प्रथम येतो तो पारखीचा विचार. कसोटीच्या काळ्या दगडावर सोन्याची रेघ ओढायची आणि तिच्यावर तेजाब सोडायचे, ही सराफांची जुनी रीत. हिणकस रेघ विरते, अस्सल टिकते. आमच्याकडचा न्याय नेमका उलटा आहे. जो संकेत अस्सल, तो आम्ही ठरवू त्या अटीवर मावळला पाहिजे. जो मावळतच नाही, त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

मुळात अडचण अशी की व्होल्टमापकाला विद्युत्भार तेवढा कळतो. शंभर इलेक्ट्रॉनांपैकी पंचावन्न एका दिशेचे व पंचेचाळीस विरुद्ध दिशेचे असले तर ध्रुवण दहा टक्के होते. पण भार सर्वांचा सारखाच, तेव्हा मापकाच्या दफ्तरी या भेदाची नोंदच होत नाही. 1922 साली स्टर्न आणि गेरलाख यांनी फ्रांकफुर्ट येथे रुप्याच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडून त्याचे दोन भाग केले, ते त्या अणूंवर भार नव्हता म्हणून साधले. घन पदार्थात वाहणाऱ्या भारित इलेक्ट्रॉनांची अशी उघड वाटणी होत नाही, आणि त्यांचे परिवलन आधी विभवाच्या भाषेत उतरवून घ्यावे लागते.

1985 साली जॉन्सन व सिल्सबी यांनी ॲल्युमिनियममध्ये दाखविलेली अस्थानिक मापनाची रचना ही मला या विद्येतील सर्वांत सुंदर कल्पना वाटते. एका लोहचुंबकी स्पर्शातून प्रवाह पट्टीत सोडायचा व पट्टीच्या एकाच टोकाकडून तो बाहेर काढायचा. मग दुसऱ्या बाजूस, जेथे प्रवाहाचा मागमूस नाही, तेथे दुसरा लोहचुंबकी स्पर्श ठेवून विभव मोजायचे. भाराचा प्रवाह तेथे नसतो, परंतु विसरणाने परिवलन मात्र तेथवर पोहोचते, आणि दोन चुंबक समांतर असता एक विभव मिळते, प्रतिसमांतर असता दुसरे. अर्धसंवाहकात हे उतरविणे फार जड गेले, कारण धातूची संवाहकता इतकी अधिक असते की ध्रुवण सीमेवरच विरून जाते, ही गोष्ट 2000 साली श्मिट, मोलेनकांप आदींनी दाखवून दिली. पुढे मध्ये पातळ अडसर राखून, 2007 साली मिनेसोटा येथे लोखंड व गॅलियम आर्सेनाइड यांच्या जोडणीत अस्थानिक संकेत मिळाला.

चुंबक उलटताच विभव उडी घेते तेव्हा होणारा हर्ष मी जाणतो. परंतु अशी उडी इतर कारणांनीही पडते: चुंबकाच्या कडांतून निसटणारे क्षेत्र खालच्या अर्धसंवाहकात हॉल परिणाम घडविते, चुंबकाचा स्वतःचा रोधही दिशेनुसार बदलतो, आणि संकेत काही मायक्रोव्होल्टांचा असता या परक्यांची शहानिशा केल्यावाचून गत्यंतर नसते. येथे हानले उपयोगी पडतो. 1924 साली त्याने पाऱ्याच्या बाष्पातून येणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण चुंबकीय क्षेत्राने मंदावते हे उलगडले. आम्ही तेच तत्त्व लावून परिवलनाला काटकोनात क्षेत्र देतो, इलेक्ट्रॉनांचे परिवलन त्याभोवती घुमू लागते, त्यांची एकवाक्यता मोडते आणि संकेत विझतो. परिवलनाचे आयुष्य दहा नॅनोसेकंद असल्यास गॅलियम आर्सेनाइडमध्ये त्यासाठी सुमारे अडीच मिलिटेस्ला पुरतात. इतक्या दुबळ्या क्षेत्राने रोधात वा हॉल विभवात असा घंटाकृती वक्र सहसा उमटत नाही.

तरीही एकट्या वक्रावर विसंबणे धोक्याचे आहे. 2009 साली नेदरलँड्समधील ट्वेंटे येथे सिलिकॉनमध्ये सामान्य तापमानास, एकाच स्पर्शाने परिवलन आत सोडून त्याच स्पर्शाने ते मोजण्याची पद्धत गाजली, आणि ती सोपी असल्यामुळे जगभर पसरली. परंतु त्या मार्गाने नंतर मिळालेले कित्येक संकेत सिद्धांताहून अनेक पटींनी मोठे निघाले, आणि अडसरातील दोषस्थानी अडकणारे इलेक्ट्रॉनही तसाच वक्र उमटवितात असे पुढे दिसून आले. सोयीपायी साक्षीदार आणि आरोपी एकाच जागी उभे केले, हा त्या पद्धतीचा दोष मला मूलभूत वाटतो.

चुंबकाचा आश्रयच न घेण्याची वाटही आहे. 2002 साली पोटॉक, फोक, मार्कस आदींनी इलेक्ट्रॉनांना एका अरुंद क्वांटम मार्गिकेतून सोडले, चुंबकीय क्षेत्राने अर्धवर्तुळात वळविले आणि एकाच परिवलनाला वाट देणाऱ्या दुसऱ्या मार्गिकेत टिपले. तेथील शिखराची उंची वाचून ध्रुवण कळते, आणि लोखंडाच्या कडांचा उपद्रव मुळातच टळतो.

या विषयात पदार्पण करणाऱ्या तरुणांना माझी विनंती एवढीच आहे: अस्थानिक रचनेतील हानले वक्राची रुंदी, आणि दोन स्पर्शांतील अंतर वाढविल्यावर संकेतात होणारी घट, या दोहोंतून निघणारे आयुष्य एकमेकांशी जुळल्याखेरीज प्रबंधात स्पिन सापडले असे लिहू नये.