उदगीरचा पावसाळा आणि दिव्याखालचा किडा

बालाघाटच्या पठारावरचे उदगीर पाहावे ते पावसाळ्यात. 1760 साली सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाला ज्या लढाईत नमवले, ती याच गावाच्या नावाने ओळखली जाते. किल्ल्याचा खोल खंदक या दिवसांत हिरवा होतो. गावाबाहेर पडले की जिकडे तिकडे सोयाबीन आणि तूर.

आम्ही मुलांना घेऊन खालाकडे उतरलो होतो. घर शेताला लागूनच. मगरिबनंतर ट्यूबलाइट लागली की पाखरांचा पाऊस पडे. त्यातच एक अनोळखी किडा दिसला. मुंगीपेक्षा थोडा मोठा, डोके आणि शेपटीचे टोक काळे, मधले अंग नारिंगी, पाठीवर निळसर चमकती आखूड झूल. चालताना विंचवासारखे शेपूट वर करी.

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या भाच्याच्या मानेवर चटका बसल्यासारखा लाल पट्टा उठला. दुपारपर्यंत त्यावर बारीक फोड आले. शेजारच्या आपा म्हणाल्या, "मकडी मूत गई." एका म्हाताऱ्या नानींना नागिणीची शंका आली. चुना लावायची तयारीही झाली. पण खालांनी हात अडवला आणि पोराला दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मूल दिव्याखाली झोपते का?" मग त्यांनी उलगडा केला. या किड्याचे शास्त्रीय नाव पेडेरस. आफ्रिकेत याच्याच भाऊबंदांना नैरोबी माशी म्हणतात. हा चावत नाही, डंखही मारत नाही. अंगावर चिरडला की त्याच्या शरीरातील पेडेरिन नावाचे विष कातडीला लागते. आग आणि फोड लगेच उठत नाहीत, एक-दोन दिवसांनी उठतात. म्हणून किड्यावर कोणाचा संशय जात नाही. नागीण बहुधा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्याने येते आणि आधी ठणका लागतो. इथे मात्र किडा जिथे घासला गेला तिथेच रेघ उमटते. तोच हात डोळ्याला लागला तर डोळा सुजतो.

भगिनींनो, एवढे जपा. किडा अंगावर बसला तर चापट मारू नका. फुंकर घाला किंवा कागदावर चढवून बाहेर सोडा. चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबण-पाण्याने धुवा. झोपण्यापूर्वी अंथरूण-उशी झटका, दिव्याखाली बिछाना घालू नका, खिडक्यांना जाळी लावा. फोड आलेच तर चुना, राख नको, डॉक्टरांना दाखवा. डोळ्याला लागले असेल तर मुळीच थांबू नका.

हा किडा ओल्या मातीत राहतो आणि पिकावरचे मावा, तुडतुडे खातो, म्हणजे शेतकऱ्याचा मदतनीसच. हे ऐकून मुलांनी विचारले, "मग याला मारायचे की नाही?" खाला म्हणाल्या, "शेतात असू दे बेटा, उशीवर नको."

त्या रात्री ईशानंतर ओसरीचा दिवा मालवला. अंधारात गप्पा रंगल्या आणि पाखरेही दुसरीकडे गेली.