पोटगी मुलीची

आम्ही वेगळं व्हायचं ठरवल्यावर बडोद्यातल्या माझ्या मावशीने विचारलं, "तू एवढी कमावतेस, मग त्याच्यापुढे हात कशाला पसरतेस?" वकीलबाईंनी उत्तर दिलं, "पोटगी मुलीची आहे. ती सोडून द्यायचा अधिकार तुम्हाला नाही." मावशी गप्प झाली, मलाही बरं वाटलं.

मला वाटायचं, पगाराच्या अमुक टक्के असं काही सूत्र असेल. आपल्याकडे तसं नाही. मुलाच्या गरजा, आईवडिलांचं उत्पन्न आणि घराचं आजवरचं राहणीमान पाहून न्यायाधीश रक्कम ठरवतात. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या 'रजनेश विरुद्ध नेहा' खटल्यात मुलाला आधी ५,००० आणि मग १०,००० रुपये महिना ठरले होते. त्याच खटल्यात २०२० साली ठरलं की दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च शपथपत्रावर लिहून द्यायचे. पोटगीही अर्जाच्या तारखेपासून मिळते. सुनावणी लांबवून कुणाचा फायदा होत नाही. आई कमावती असेल तर मुलाच्या शिक्षणाचा खर्च दोघांत उत्पन्नाच्या प्रमाणात वाटता येतो. मला हे रास्त वाटतं.

शपथपत्र भरताना फी, रिक्षा, औषधं पटापट लिहिली. भरतनाट्यमच्या क्लासपाशी पेन थांबलं. ही गरज की हौस? वकीलबाई म्हणाल्या, "लिहा. अवास्तव नसेल तर क्लासचा खर्चही धरतात."

महिना ८०० रुपये. लिहिले.