दोन हजारांच्या अलीकडे

धायरीतल्या आमच्या गल्लीपासून सिंहगड रस्त्याला लागेपर्यंत इतके गतिरोधक आहेत की तिसरा गिअर पडतच नाही. आमची जुनी १.२ लिटरची साधी पेट्रोल गाडी हे सगळे दुसऱ्या गिअरवर पार करायची. वेग पंधरावर आला तरी पाय जरा दाबला की निमूट उचलायची. नवी गाडी ९९८ सीसीची, तीन सिलिंडरची, टर्बो पेट्रोल. कागदावर जुनीपेक्षा बरीच दमदार. पण त्याच गतिरोधकावर, त्याच दुसऱ्या गिअरमध्ये ती आधी थरथरते, क्षणभर काहीच करत नाही आणि मग एकदम झेपावते. तोवर पुढचा गतिरोधक आलेला असतो. त्यामुळे आता मी तिथे सरळ पहिला टाकतो.

शोरूममध्ये हे कळायला मार्ग नव्हता. ट्रायलसाठी नेतात तो रस्ता रुंद, रिकामा आणि सपाट. शेजारी बसलेला मुलगा म्हणतो, ‘सर, जरा दाबून बघा.’ दाबल्यावर पाठ सीटला टेकते आणि माणूस खूश होतो. रोजच्या रस्त्यावर दाबायला जागा कुठे असते?

आकडे खोटे नाहीत. जुन्या इंजिनाचा टॉर्क ११३ न्यूटन मीटर, तोही ४४०० फेऱ्यांना. नव्याचा १४८ च्या आसपास, आणि तो २००० फेऱ्यांपासूनच हाताशी. मेख त्या २००० मध्ये आहे. टर्बोचं चाक फिरतं ते इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर. ते फिरलं की दुसऱ्या बाजूची पाती बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतात, आणि जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं. पण फेऱ्या कमी, तर धूर कमी, तर चाक सुस्त. तेवढ्या वेळापुरतं आपल्या हाती उरतं एक लिटरचं छोटं इंजिन, आणि तेही टर्बोचा दाब सोसावा म्हणून कॉम्प्रेशन थोडं कमी ठेवलेलं. राजाराम पुलापासून धायरीपर्यंत संध्याकाळच्या गर्दीत माझा काटा अकराशे ते सतराशे या पट्ट्यात रेंगाळतो. म्हणजे ज्या टर्बोसाठी जास्तीचे पैसे मोजले, तो बहुतेक वेळ झोपलेलाच. त्यात एसी चालू, गाडी चढावर थांबलेली आणि मागची रिक्षा बंपरला चिकटलेली असली की हाफ क्लचवर थोडा जास्तच पाय द्यावा लागतो.

डिझेल स्विफ्ट किंवा इंडिका व्हिस्टा चालवलेल्यांना हे नवं नाही. फियाटचं ते १.३ लिटरचं मल्टीजेट मारुती, टाटा, फियाट अशा तिघांच्या गाड्यांत होतं आणि आपल्या रांजणगावातही बनायचं. त्यातही दोन हजारांच्या अलीकडे शुकशुकाट आणि पलीकडे उसळी असायची. एप्रिल २०२० मध्ये बीएस ६ आलं, छोटी डिझेल इंजिनं परवडेनाशी झाली आणि त्यांची जागा बऱ्याच ठिकाणी छोट्या टर्बो पेट्रोलने घेतली. चाकणला तयार होणाऱ्या पोलोतही त्याच वर्षी डिझेल जाऊन ९९९ सीसीचं, ११० पीएसचं टर्बो पेट्रोल आलं. एवढंसं इंजिन कशाला, याचं उत्तर करात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना सवलत मिळाली. तीच मर्यादा जीएसटीतही चालू राहिली. सप्टेंबर २०२५ पासून तिच्या आत १८ टक्के, बाहेर ४०. कंपनीने दीड लिटरची ताकद एका लिटरमधून काढली नाही तरच नवल.

अॅव्हरेजचं म्हणाल तर कंपनीचा आकडा विसाच्या वर. मला गावात अकरा-बारा मिळतं. जुनी तेरा-चौदा द्यायची. हायवेला नव्वदवर स्थिर ठेवली तर एकोणीसपर्यंत जाते, शंभराच्या वर दाबली की झपाट्याने उतरते. टर्बोने दम दाखवला की त्याचं पेट्रोल तो वसूल करतोच.

मग ही गाडी विकली का नाही? पाचगणीमुळे. बायकोचं माहेर तिथलं. खंबाटकी चढताना मागे सासू-सासरे, डिकीत तांदळाची पोती, आणि पुढे उसाचा ट्रक. अशा वेळी जुन्या गाडीचा एसी बंद करायचा, दुसरा टाकायचा आणि इंजिनचं किंचाळणं ऐकत बसायचं. नवी गाडी तिसऱ्यावर, अडीच हजार फेऱ्यांवर, गप्पांचा आवाज न चढवता वर जाते. खरी मजा वाईच्या पुढे, पसरणी घाटात. वाईपासून पाचगणीपर्यंत रस्ता पाचशे मीटरहून जास्त उंची चढतो आणि पाचगणी स्वतः तेराशे मीटरच्या जवळपास आहे. उंचीवर हवा विरळ होते. साध्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो, कारण हवा तो दाबूनच घेतो. एसटीला ओव्हरटेक करायला लागणारी सरळ वाट तिथे जेमतेम सापडते. ती सापडली की या गाडीत काम पटकन उरकतं, जुनीत मी मागेच राहायचो.

सांभाळायला मात्र ती थोडी लाडावलेली. टर्बोचं चाक मिनिटाला लाखभराहून जास्त फेरे घेतं आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतं. म्हणून फुल सिंथेटिक ऑइल, आणि तेही वेळेवर. सर्व्हिसला ‘अजून हजार किलोमीटर चालेल’ असं कोणी म्हटलं तरी मी ऐकत नाही. घाट चढून आल्यावर अर्धा मिनिट इंजिन चालू ठेवतो. सासऱ्यांना वाटतं, मी पेट्रोल जाळतोय. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांना आणखी एक खोड आहे. रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या मारल्या तर इंजिन तापत नाही, थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि व्हॉल्व्हवर काजळी धरते. भाजी आणि शाळा एवढ्यासाठीच गाडी घेणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावं.

ऑफिसातल्या एका मित्राकडे हाच प्रकार टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकमध्ये आहे. त्याला माझी तक्रार कळतच नाही. कन्व्हर्टर सुरुवातीला थोडा घसरतो, त्यामुळे फेऱ्या आपोआप वर जातात आणि सुस्तपणा झाकला जातो. पुन्हा घेतलीच तर मीही टर्बो ऑटोमॅटिकमध्येच घेईन, मॅन्युअल हवी असेल तर साधं १.२.

गेल्या दिवाळीत मेहुण्याला गाडी घ्यायची होती. त्याला सांगितलं, ट्रायलला चौघं बसा, एसी चालू ठेवा आणि चांदणी चौकाच्या चढावर गर्दीच्या वेळी न्या. शोरूमवाला कुरकुरला, पण गेला. दोन्ही इंजिनं चालवून मेहुण्याने साधं घेतलं. त्याचं येणं-जाणं स्वारगेट ते कात्रज. पाचगणीला जायचं असलं की तो आमची चावी मागतो.