फसलेला खोपा

आमच्या गावच्या विहिरीवर एक वाकडी बाभळ आहे. भाद्रपदात तिच्या पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना सुगरणींचे खोपे लटकतात. गेल्या वर्षी खाली पडलेला एक खोपा मी घरी आणला. खोपा कसला, पात्यांचा नुसता गुंता! सौभाग्यवती हसून म्हणाली, "ही सुगरण नव्हे हो, तुमच्या वर्गातला एखादा विद्यार्थी दिसतोय!"

तिचे म्हणणे विनोदापुरतेच खोटे होते. पाखराचे नाव आपण स्त्रीलिंगी ठेवले, पण विणतो तो नर. १९३० साली किहीमला सलीम अलींनी हे बारकाईने पाहिले. नर अर्धा खोपा विणून थांबतो. मादी येऊन तो पारखते. पसंत पडला, तरच तो पुढची नळी विणून पुरा होतो.

हे त्याला शिकवतो कोण? "कुणीच नाही, ते उपजतच असते," असे मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो. पुढे कोलियस पतिपत्नींच्या प्रयोगांविषयी वाचले. आफ्रिकेतल्या सुगरणीच्या एका जातीची नर पिले त्यांनी गवताच्या पात्यांपासून दूर ठेवून वाढविली. मोठेपणी त्यांना पाती दिली, तर विणण्याची ओढ होती, पण वीण साधेना. सरावाने मग चोच बसत गेली. १९६४ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. ओढ तेवढी जन्माची. वीण मात्र फसत फसत यायची.

ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. नोकरीच्या आरंभी एका मुलाच्या बापाला मी सर्वांदेखत सांगितले होते, "याच्यात मुळातच नाही. उगाच पाटी फोडू नका." बापाने मुकाट्याने मान हलविली. दुसऱ्या दिवसापासून पोरगा गुरांमागे गेला.

यंदा त्याच पोराची मुलगी माझ्या वर्गात आहे. तिची अक्षरे त्या खोप्यासारखी, एक पाते इकडे, एक तिकडे. परवा तो विहिरीवर भेटला. बैलांना पाणी पाजीत म्हणाला, "गुरुजी, पोरीला येईल ना लिहायला? का आमच्या रक्तातच नाही?"

त्याच्याकडे बघण्याचा मला धीर होईना. मी वर बाभळीकडे पाहिले. एक कोवळा नर पाते गुंफीत होता. ते सुटून पाण्यात पडले. तो दुसरे आणायला उडाला.

"येईल," मी म्हणालो. "मीच चुकलो होतो."